सुटे भाग सूची, बांधकाम यंत्रांची
बुलडोझर, उत्खनक, रस्ता दाबण्याचे रूळयंत्र, काँक्रीट मिश्रक यांसारख्या यंत्रांच्या प्रत्येक भागाचे चित्र, नाव, क्रमांक व नगसंख्या देणाऱ्या ग्रंथास, तसेच अलीकडे त्याची जागा घेतलेल्या संगणकीय प्रणालीस ही संज्ञा लावतात. दुरुस्तीपुस्तिका यंत्र कसे उघडावे हे सांगते, तर सूची काय मागवावे हे सांगते. यंत्र बंद पडले, तरी त्याचे भाडे व चालकाचे वेतन चालूच राहते आणि पुढील सर्व कामांची खोटी होते. त्यातच चुकीचा भाग आला, तर हा काळ दुणावतो. सूचीचे महत्त्व यामुळे आहे.

परस्परबदली भागांच्या उत्पादनातून सूचीचा उगम झाला. कानशीने घासून बसविलेल्या भागास क्रमांक देण्यात अर्थ नसतो. जोसेफ व्हिटवर्थ यांनी १८४१ साली इंग्लंडमध्ये आट्यांचे प्रमाणीकरण सुचविले. पुढे कारखान्यांतून एकसारखे भाग निघू लागले आणि त्यांना क्रमांक मिळाले. सूचीतील आकृतीत जोडणीचे भाग एकमेकांपासून दूर सरकवून, पण मूळ क्रमाने मांडलेले असतात. प्रत्येकाजवळ एक लहान अंक असतो आणि शेजारच्या तक्त्यात त्या अंकापुढे भागाचा क्रमांक असतो. मात्र तेवढ्याने भागत नाही. एकाच नमुन्याच्या दोन यंत्रांत, त्यांच्या अनुक्रमांकानुसार, पिन किंवा बुश निराळे असू शकतात. शिवाय जुना क्रमांक रद्द होऊन त्याजागी नवा येतो. पुष्कळदा नवा भाग जुन्या यंत्रास चालतो, जुना मात्र नव्यास चालत नाही. छापील पुस्तकाची खरी अडचण येथेच होती. पुरवण्या येत, पण त्या योग्य पानावर लावण्याचे काम कोठारपालाच्या चिकाटीवर अवलंबून राही.

महाराष्ट्रात या सूचींचा प्रसार मुंबईमार्गे झाला. हेनिंग होल्क-लार्सन व सोरेन ख्रिस्तियन टूब्रो या डॅनिश अभियंत्यांनी १९३८ साली मुंबईत स्थापन केलेल्या भागीदारी संस्थेने १९४५ साली अमेरिकेतील कॅटरपिलर ट्रॅक्टर कंपनीशी माती हलविणाऱ्या यंत्रांच्या विक्रीचा करार केला. युद्ध संपताच लष्कराची शिल्लक यंत्रे स्वस्तात उपलब्ध झाली. त्यांसाठी लागणारे भांडवल भागीदारांच्या आवाक्याबाहेरचे होते व त्यातूनच १९४६ साली लार्सन अँड टूब्रो ही खाजगी कंपनी उभी राहिली. अशी यंत्रे विकत घेणे सोपे होते, ती चालती ठेवणे कठीण. व्हिटवर्थ आट्याचा कोन ५५°, तर अमेरिकन आट्याचा ६०° असतो. डोळ्यांना सारखे दिसणारे दोन बोल्ट म्हणूनच एकमेकांच्या जागी बसत नाहीत. भारताने १९५६ च्या कायद्याने मेट्रिक पद्धती स्वीकारल्यावर कोठारात मापांची तिसरी तऱ्हा आली. परकीय चलनाच्या टंचाईच्या त्या काळात आयात भाग चुकीचा मागविणे ही साधी चूक राहत नसे. नागदेवी येथील बाजारातून मिळतेजुळते बेअरिंग वा सील शोधून यंत्र चालू करणारे मिस्त्री सूची वाचत नसत, नमुना हातात घेऊन जात. त्यांच्या या ज्ञानाची नोंद कोणत्याही सूचीत झाली नाही, ही उणीवच म्हटली पाहिजे.

या बाबतीत विमानवाहतूक पुढे होती. अमेरिकेतील विमानकंपन्यांच्या संघटनेने १९५६ साली सर्व विमानांच्या पुस्तिकांसाठी प्रकरणांचे एकच क्रमांकन ठरवून दिले. त्यानुसार उतरण्याच्या चाकांचे प्रकरण नेहमी ३२ वे असते, मग विमान कोणाचेही असो. विलेपार्ल्याला लागून असलेल्या सांताक्रूझ विमानतळावर १९६० साली एअर इंडियाची बोइंग ७०७ विमाने आली, तेव्हापासून ही शिस्त मुंबई उपनगरात प्रत्यक्ष वापरात होती. बांधकाम यंत्रांच्या उत्पादकांनी मात्र असे समान क्रमांकन कधीच स्वीकारले नाही. प्रत्येकाने आपापली पद्धत जपली आणि ग्राहकही त्याबरोबर बांधला गेला.

कागदानंतर मायक्रोफिश आली. तळहाताएवढ्या एका फितपत्रावर २४ पट लहान केलेली ९८ पाने मावत. त्यानंतर १९९० च्या दशकात सु. ६५० मेगाबाइट क्षमतेच्या तबकड्या व शेवटी महाजाल हे टप्पे झाले. रेखाचित्रांसाठी एसव्हीजी हे प्रमाण २००१ साली मान्य झाले, त्यामुळे आकृतीतील भागावर बोट ठेवताच त्याचा क्रमांक उमटविणे सुकर झाले. आधुनिक प्रणालीत प्रथम यंत्राचा अनुक्रमांक विचारला जातो व त्या यंत्रास लागू असलेलीच पाने उघडतात. बदललेला क्रमांक आपोआप दिसतो आणि भाग कोणत्या कोठारात शिल्लक आहे हेही कळते. कोमात्सू कंपनीने २००१ पासून जपानमध्ये आपल्या यंत्रांवर दूरनिरीक्षण साधने बसविण्यास आरंभ केला. यंत्राचे ठिकाण व कामाचे तास त्यामुळे उत्पादकास कळू लागले. अंधेरी येथे १९७३ साली स्थापन झालेले सीप्झ निर्यातक्षेत्र व पुण्याजवळील चाकण-तळेगाव परिसरातील उत्खनकांचे कारखाने यांमुळे संगणक-आज्ञावली व यंत्रनिर्मिती हे दोन्ही व्यवसाय या प्रदेशात एकमेकांजवळ आले आहेत.

या बदलाची दुसरी बाजूही आहे. छापील पुस्तक एकदा हाती आले की ते मालकाचे होई आणि यंत्राबरोबर दुसऱ्या, तिसऱ्या खरेदीदाराकडे जाई. संगणकीय सूची परवान्यावर चालते. परवाना संपला की ती मिटते. स्वतंत्र दुरुस्तीवाल्याला ती मिळेलच असे नाही. अमेरिकेतील कोलोरॅडो राज्याने १ जानेवारी २०२४ पासून कृषियंत्रांच्या उत्पादकांवर भाग, पुस्तिका व आज्ञावली मालकांना आणि स्वतंत्र कारागिरांना पुरविण्याचे बंधन घातले. भारत सरकारच्या ग्राहक व्यवहार विभागाने २०२२ साली दुरुस्तीच्या हक्काविषयी समिती नेमली. तिच्यापुढे कृषी अवजारे, भ्रमणध्वनी व टॅब्लेट, टिकाऊ गृहोपयोगी वस्तू आणि मोटारगाड्या ही चार क्षेत्रे होती. बांधकाम यंत्रांचा त्यांत समावेश नव्हता.