उपस्थाता, आया, मावशी

चरकसंहितेच्या सूत्रस्थानातील नवव्या अध्यायात चिकित्सेचे चार पाद सांगितले आहेत: वैद्य, द्रव्य, उपस्थाता आणि रोगी. उपस्थाता म्हणजे रुग्णाजवळ उभा राहणारा सेवक. उपचारांची जाण, दाक्ष्य, रुग्णाविषयी अनुराग आणि शौच हे त्याचे चार गुण. आज रुग्णालयातील साहाय्यकांना जे प्राथमिक धडे दिले जातात ते या चौकटीत सहज बसतात. एका रुग्णाकडून दुसऱ्याकडे जाताना हात धुणे हे शौच. चाके अडकवल्यावाचून रुग्णाला खाटेवरून न उतरवणे हे दाक्ष्य. अंग पुसण्याआधी पडदा ओढणे आणि रुग्णाला विचारणे हा अनुराग. (हा शब्द आपण काव्यशास्त्राच्या तासाला शृंगाराच्या स्वाधीन करून मोकळे झालो आहोत.) आपल्या अधिकारातले काम कोणते आणि कोणत्या क्षणी सिस्टरला बोलवायचे, हे कळणे म्हणजे उपचारांची जाण.

परंतु ‘शौच’ या शब्दाचे मराठीत काय झाले ते पाहावे. संस्कृतात त्याचा अर्थ शुचिता. आपण तो मलविसर्जनाला दिला. शब्दाची ही घसरण आम्हाला केवळ भाषिक वाटत नाही. रक्त, पू, मलमूत्र यांचा स्पर्श समाजाने ठरावीक जातींच्या वाट्याला टाकला आणि जो स्वच्छ करतो तोच अस्वच्छ, असा उफराटा न्याय रूढ झाला. ग्रंथातला मानाचा पाद व्यवहारात उंबऱ्याबाहेर गेला.

मिरजेचा इतिहास या संदर्भात वाचण्याजोगा आहे. अमेरिकन प्रेसबिटेरियन मिशनचे डॉ. विल्यम वॉनलेस 1889 मध्ये हिंदुस्थानात आले. पटवर्धनांच्या या संस्थानी गावात 1894 मध्ये त्यांचे रुग्णालय उभे राहिले आणि 1897 मध्ये वैद्यकीय विद्यालय सुरू झाले. लिस्टरने जंतुनाशक शस्त्रक्रियेची पद्धत 1867 मध्ये मांडली होती. ती मिशनच्या डॉक्टरांबरोबर आपल्याकडच्या लहान गावांत आली, ती एका नव्या सोवळ्याच्या रूपाने: उकळलेले पाणी, धुतलेले हात, जखमेला न शिवण्याचा कडक नेम. सोवळे मिरजेला नवे नव्हते. नवे एवढेच की या सोवळ्यात जन्म विचारला जात नव्हता. घासून धुतलेला हात शुद्ध, मग तो कोणाचाही असो. शस्त्रक्रिया कितीही निष्णात असली तरी भांडी उकळणाऱ्याने आणि चादरी धुणाऱ्याने कुचराई केली तर ती व्यर्थ, हेही याच सोवळ्याने शिकवले.

अर्थात, तंत्राने मन आपोआप बदलत नाही. शेजारच्या कोल्हापुरात शाहू महाराजांना 1919 च्या जानेवारीत सरकारी दवाखान्यांसाठी हुकूमच काढावा लागला. अस्पृश्य रुग्णाला सौजन्याने वागवावे. ज्याला हे मान्य नसेल त्याने सहा आठवड्यांत राजीनामा द्यावा, पेन्शन मिळणार नाही. नैतिक शुश्रूषेचा धडा पगाराला आणि पेन्शनीला बांधणारा हा दस्तऐवज कित्येक उपदेशपर ग्रंथांहून मोलाचा आहे, असे आमचे मत आहे.

वॉनलेस यांच्या 1932 च्या आत्मकथनपर पुस्तकाचे नाव ‘अ‍ॅन अमेरिकन डॉक्टर अ‍ॅट वर्क इन इंडिया’. काम करणारा कोण, हे शीर्षकातच ठरलेले आहे. मराठीतही डॉक्टरांची आत्मचरित्रे पुष्कळ. आयांची शोधावीच लागतील. ‘आया’ हा शब्द पोर्तुगीज, ‘वॉर्डबॉय’ इंग्रजी, आणि मराठीने आपले म्हणून दिले ते ‘मावशी’ नि ‘मामा’. नात्याच्या या संबोधनात जिव्हाळा आहे, नाही असे नाही. पण मावशीला कामाचे तास नसतात, पदनाम नसते. महाराष्ट्राचा 1966 चा परिचारिका कायदा परिचारिकांची नोंदणी करतो. मावशीची नोंद कुठल्या पटावर नाही.

‘शुश्रूषा’ शब्दाचा मूळ अर्थ ऐकण्याची इच्छा. ‘श्रु’ धातूचे हे इच्छार्थक रूप. सेवा हा अर्थ त्यातून निघाला. पण ऐकायचे कोणी, तर सेवकाने! अंथरुणाला खिळलेल्या रुग्णाला दर दोन तासांनी कुशीवर वळवावे लागते. वळवताना माकडहाडावरचा न पुसला जाणारा लाल डाग बहुधा मावशीलाच प्रथम दिसतो. तिने तो सांगितला आणि सिस्टरने टिपून घेतला तर शय्याव्रण टळू शकतो. ‘तुला काय कळतंय’ म्हणून तिला गप्प केले, तर दोन दिवसांत तिथे जखम होते.

मिरज जंक्शनवर उतरणाऱ्या रुग्णांत बेळगाव-विजापूरकडचे कानडी भाषक फार. 1962 मध्ये शासकीय वैद्यकीय महाविद्यालय आल्यावर या वैद्यपंढरीचा पसारा आणखी वाढला. डॉक्टर मराठी नि इंग्रजीत विचारतात. कानडी म्हातारी मान हलवते, आणि ते पुढच्या खाटेकडे वळल्यावर कुठे दुखते ते मावशीला सांगते.