हर्षद

सफाळ्याला गाडी धरली, की केळवे रोड, पालघर, बोईसर करीत डहाणू येते. आम्हा माकुणसारकरांना डहाणू म्हटले की चिकू आठवतात. मला मात्र १२३४५६७८९८७६५४३२१ ही सतरा अंकी संख्या आठवते!

हसू नका. दत्तात्रय रामचंद्र कापरेकर १९०५ साली डहाणूला जन्मले. आई ते आठ वर्षांचे असतानाच गेली. वडील कारकून, पण ज्योतिषाचे नादी. मुलाला आकड्यांचा लळा लागला तो तिथूनच. पुण्याच्या फर्ग्युसन कॉलेजात १९२७ साली त्यांना रँग्लर परांजपे यांच्या नावाचे गणिताचे पारितोषिक मिळाले. १९३० पासून ते देवळालीला शाळामास्तर. पदवीपुढचे शिक्षण नाही. मी तर नुसता मॅट्रिक, म्हणून हे अंमळ आवडीने सांगतो.

त्यांचा ६१७४ जगभर गाजला; तो आज नको. ११ चा वर्ग १२१, १११ चा १२३२१. असे नऊ एक मांडून वर्ग केला, की वरची संख्या येते. या जातीच्या संख्यांचा विचार त्यांना डेम्लो स्थानकावर, म्हणजे आजच्या डोंबिवलीला, सुचला. म्हणून त्या ‘डेम्लो संख्या’. गणितात स्टेशनाचे नाव!

अंकांच्या बेरजेने जिला निःशेष भाग जातो, तिला त्यांनी ‘हर्षद’ म्हटले, आनंद देणारी. १२ घ्या: बेरीज ३, भाग जातो. आपल्या सतरा अंकांची बेरीज ८१. नऊ एकांना ९ ने भाग जातो, मग त्यांच्या वर्गाला ८१ ने जाणारच. उत्तर १५२४१५७८९९७१०४१. म्हणजे ही डेम्लोही आणि हर्षदही.

विद्वानांनी या मास्तरांना फारसे मानले नाही. १९६२ साली ते निवृत्त झाले, १९६६ साली पत्नी गेली, पेन्शन पुरेना, म्हणून शिकवण्या केल्या. १९७५ साली मार्टिन गार्डनर यांनी ‘सायंटिफिक अमेरिकन’मध्ये त्यांच्यावर लिहिले, तेव्हा कुठे नाव झाले. ते १९८६ साली वारले.

हे सारे वर्गात सांगितले, तर मागच्या बाकावरून प्रश्न आला, “गुरुजी, याचा उपयोग काय?” मला उत्तर सुचले नाही. फळा पुसण्याचे निमित्त करून मी पाठ फिरवली.

दुसऱ्या दिवशी प्रार्थनेआधीच एक मुलगी वही घेऊन दारात उभी.

“गुरुजी, आठ एकांची हर्षद नाही. बेरीज चौसष्ट येते. चौसष्ट सम, आणि वर्गाच्या शेवटी एक, म्हणजे तो विषम. भाग जाईलच कसा?”

“भागून पाहिलास?”

“नाही. भागायची गरजच नाही!”