लोखंडी रस्ता आणि पायवाट

दिवेआगरला रेल्वे नाही. सुपारीच्या वाड्या, केवड्याची बने, लांबच लांब पुळण आणि गणपतीचे देऊळ एवढ्यावर गाव पुरे होते. मुंबईहून रेल्वेने यायचे तर कोकण रेल्वेच्या माणगाव स्थानकात उतरायचे आणि म्हसळ्यावरून एसटी किंवा खासगी गाडीने समुद्र गाठायचा. त्यामुळे रेल्वे हा आमच्या गावाचा विषय नाही, असे मी बरीच वर्षे समजत होतो.

गेल्या मे महिन्यात शेजारच्या वाडीत चार मुले उतरली होती. रात्री जेवणानंतर ओटीवर गप्पा निघाल्या आणि त्यांतल्या एकाने मोबाइलवर काढलेली रील मला कौतुकाने दाखवली. रुळांच्या मधोमध पाठमोरा चालणारा मुलगा, मागे हिरवे डोंगर, वळणावरून येणारा इंजिनाचा दिवा आणि शेवटच्या क्षणी बाजूला मारलेली उडी. सगळा मिळून पंधरा सेकंदांचा खेळ. माझा चेहरा पाहून तो म्हणाला, ‘‘काका, गाडी लांब होती.’’

हा लेख त्या तीन शब्दांनी लिहायला लावला. ‘गाडी लांब होती’ ही समजूत त्या मुलाची एकट्याची नाही. आगगाडीइतकीच ती जुनी आहे.

१५ सप्टेंबर १८३० रोजी इंग्लंडमध्ये लिव्हरपूल-मँचेस्टर मार्गाचे उद्‌घाटन झाले. वाटेत इंजिनात पाणी भरण्यासाठी गाडी थांबली. प्रवाशांनी खाली उतरू नये अशी सूचना असतानाही अनेक प्रतिष्ठित मंडळी उतरून रुळांवर फिरू लागली. विल्यम हस्किसन हे खासदार ड्यूक ऑफ वेलिंग्टन यांच्याशी हस्तांदोलन करायला त्यांच्या डब्यापाशी गेले. तेवढ्यात शेजारच्या रुळावरून स्टीफन्सनचे ‘रॉकेट’ हे इंजिन आले. ते येताना सर्वांना दिसत होते. हस्किसन गोंधळले, डब्याच्या दाराला लटकले, दार उघडून रुळावर आले आणि इंजिन त्यांच्या पायावरून गेले. त्याच संध्याकाळी त्यांचा मृत्यू झाला. आज ते इंजिन आपल्याला बैलगाडीचे भावंड वाटेल. तरी त्याचा अंदाज एका शहाण्यासुरत्या मंत्रिपद भूषवलेल्या माणसाला आला नाही.

त्यानंतर तेवीस वर्षांनी, १६ एप्रिल १८५३ रोजी, बोरीबंदर ते ठाणे ही गाडी धावली. साहिब, सिंध आणि सुलतान ही तीन इंजिने, चौदा डबे, सुमारे चारशे निमंत्रित आणि एकवीस तोफांची सलामी हा तपशील शाळेच्या पुस्तकांतून आपल्या परिचयाचा आहे. मला त्यातला शब्द महत्त्वाचा वाटतो. पुढच्याच वर्षी कृष्णशास्त्री भाटवडेकरांनी या नव्या वाहनाची ओळख करून देणारे पुस्तक लिहिले, त्याचे नाव ‘लोखंडी रस्त्यांचे संक्षिप्त वर्णन’. मराठी माणसाने रुळांना ‘रस्ता’ म्हटले. भाषेच्या दृष्टीने ते स्वाभाविकच होते. पण आपल्याकडे रस्ता म्हणजे ज्यावरून कोणीही जावे तो. गुरे जातात, वरात जाते, पालखी जाते, उन्हात धान्यही वाळत घातले जाते. कायद्याच्या दृष्टीने लोहमार्ग मात्र अशा अर्थाने रस्ता कधीच नव्हता. ठरवून दिलेल्या फाटकाखेरीज ती परवानगीशिवाय पाऊल ठेवू नये अशी जागा होती.

१८९०च्या रेल्वे कायद्यात बेकायदा प्रवेशासाठी १२२वे कलम होते. सध्याच्या १९८९च्या कायद्यात ते १४७वे आहे. सहा महिन्यांपर्यंत कैद, किंवा एक हजार रुपयांपर्यंत दंड, किंवा दोन्ही. टपावरून, पायरीवरून किंवा इंजिनावरून प्रवास करणाऱ्यासाठी १५६वे कलम वेगळे. आपल्या कृत्याने प्रवाशांचा जीव धोक्यात घालणाऱ्यासाठी १५३वे, त्यात पाच वर्षांपर्यंत कैद आहे. म्हणजे कायदा मुका नाही. अडचण अशी की कायद्याची रेघ आणि लोकांची पायवाट एकमेकींना छेदतात.

कोकणात हे विशेष जाणवते. कोकण रेल्वे महामंडळ १९९० साली स्थापन झाले. रोह्यापासून मंगळूरजवळच्या ठोकूरपर्यंतचा ७४१ किलोमीटरचा मार्ग १९९८ साली पूर्णपणे वाहता झाला. त्यात ९१ बोगदे आणि सुमारे दोन हजार लहानमोठे पूल आहेत. डोंगर फोडून, खाजणे भरून हा मार्ग गेला, तेव्हा वाडी आणि शेत, वाडी आणि शाळा यांच्या मधून तो गेला. पुलाखालचा मार्ग किंवा फाटक दूर असेल तर माणूस जवळची वाट धरतो. इथे माणसाने रूळ ओलांडला, की रुळाने माणसाची वाट ओलांडली, हा प्रश्न इतिहासाच्या अभ्यासकाला विचारावाच लागतो.

मुंबईत त्याच प्रश्नाने भयंकर रूप घेतले. डॉ. अनिल काकोडकर यांच्या अध्यक्षतेखालील उच्चस्तरीय समितीने फेब्रुवारी २०१२ मध्ये रेल्वे सुरक्षेचा अहवाल दिला. रूळ ओलांडताना देशात दरवर्षी सुमारे पंधरा हजार माणसे मरतात आणि त्यांतली सुमारे सहा हजार एकट्या मुंबईच्या उपनगरी मार्गांवर, असे त्यात नोंदवले आहे. समितीने याला कत्तल म्हटले आणि कोणताही सुसंस्कृत समाज हे सहन करणार नाही, अशा आशयाचे मत दिले. या मृतांपैकी बहुतेकांच्या हातात कॅमेरा नव्हता. त्यांना कामावर जायचे होते, पाणी आणायचे होते, शौचाला जायचे होते, आणि पादचारी पूल दूर होता.

८ मे २०२० ची पहाटही विसरता येत नाही. टाळेबंदीत जालन्याहून गावाकडे पायी निघालेले मजूर औरंगाबाद जिल्ह्यात करमाडजवळ थकून रुळांवरच झोपले. सगळे बंद आहे म्हणजे गाड्याही बंद असणार, ही त्यांची समजूत. मालगाड्या चालू होत्या. सोळा जण गेले. रुळांवर विखुरलेल्या भाकऱ्यांचे छायाचित्र त्या काळाची खूण होऊन बसले. कायद्याच्या भाषेत तेही बेकायदा प्रवेश करणारेच. दिवेआगरच्या ओटीवरचा तो मुलगा आणि करमाडचे मजूर एकाच कलमात बसतात, पण एकाच तराजूत बसत नाहीत. एकाला वाट नव्हती. दुसऱ्याला वाट होती, त्याला चित्र हवे होते.

चित्राचा मोहही आजचा नाही. ७ जुलै १८९६ रोजी मुंबईच्या वॉटसन हॉटेलात ल्युमिएर बंधूंच्या हलत्या चित्रांचा खेळ झाला. भारतातला तो पहिला चित्रपटखेळ मानला जातो. त्या दिवशी दाखवलेल्या सहा छोट्या चित्रफितींमध्ये एक होती स्थानकात येणारी आगगाडी. पडद्यावरची गाडी पाहून प्रेक्षक घाबरून पळाले, ही पॅरिसची दंतकथा अभ्यासक आता फारशी मानत नाहीत. पण कॅमेऱ्याच्या रोखाने येणारी गाडी हे सिनेमाचे पहिल्या वर्षापासूनचे आवडते दृश्य आहे, हे खरे. त्या चित्रफितीत कॅमेरा फलाटावर उभा आहे, रुळांवर नाही, एवढे मात्र ध्यानात ठेवावे.

आपल्या रायगड जिल्ह्याचाही या परंपरेत वाटा आहे. ‘शोले’मधला गाडीवरचा प्रसिद्ध दरोडा पनवेलजवळच्या रेल्वेमार्गावर चित्रित झाला आणि त्याला सुमारे सात आठवडे लागले. पडद्यावर ती काही मिनिटांची धुमश्चक्री आहे. त्यामागे परवानगी, ठरलेली गाडी, सरावलेले साहसपटू आणि पुन्हा पुन्हा केलेली तयारी असते. प्रेक्षकाला यातले काहीच दिसत नाही. त्याला थरार दिसतो, आणि तो फुकट आहे असे वाटते.

तयारी टाळली की व्यावसायिक मंडळींचेही काय होते, याचे उदाहरण अमेरिकेत घडले. २० फेब्रुवारी २०१४ रोजी जॉर्जिया राज्यात ‘मिडनाइट रायडर’ या चित्रपटाचा चमू अल्टामाहा नदीवरच्या रेल्वेपुलावर गेला. रेल्वे कंपनीने परवानगी नाकारली होती. दृश्यासाठी रुळांवर एक लोखंडी पलंग ठेवला होता. दोन गाड्या गेल्या की तिसरी येणार नाही, या भरवशावर काम सुरू झाले. तिसरी आली. अरुंद पुलावरून पळताना सारा जोन्स ही सत्तावीस वर्षांची कॅमेरा साहाय्यक मृत्युमुखी पडली आणि अनेक जण जखमी झाले. दिग्दर्शक रँडल मिलर याने पुढच्या वर्षी न्यायालयात सदोष मनुष्यवध आणि बेकायदा प्रवेश या दोन्ही गुन्ह्यांची कबुली दिली आणि तो तुरुंगात गेला. चित्रपट पूर्ण झाला नाही.

आपल्या शेजारचे दूधसागरही हेच सांगते. कॅसलरॉक ते कुळे हा घाटमार्ग पोर्तुगीज काळात, एकोणिसाव्या शतकाच्या अखेरीस बांधला गेला. धबधब्यासमोरून जाणाऱ्या पुलाची छायाचित्रे जगभर गेली, ‘चेन्नई एक्स्प्रेस’ने त्यात भर घातली. जुलै २०२३ मध्ये पावसाळी बंदी असताना शेकडो पर्यटक कुळ्याला उतरून रुळांवरून चालू लागले. रेल्वे पोलिसांनी काहींना उठाबशा काढायला लावल्या. धबधबा डब्यातूनच पाहा, असे आवाहन दक्षिण पश्चिम रेल्वेला करावे लागले. विनोद असा की त्या उठाबशांचेही चित्रण झाले आणि तेच सर्वाधिक पाहिले गेले.

आणि १९ ऑक्टोबर २०१८ ची अमृतसरची विजयादशमी. रावणदहन पाहायला लोक रुळांवर उभे होते, अनेकांच्या हातांत मोबाइल उंचावलेले होते, फटाक्यांच्या आवाजात गाडीचा आवाज बुडाला. सुमारे साठ माणसे काही क्षणांत गेली. २०११ ते २०१७ या काळात जगभरच्या बातम्यांतून सेल्फी काढताना झालेल्या २५९ मृत्यूंची नोंद भारतीय डॉक्टरांच्या एका अभ्यासात आहे. त्यांतले निम्म्याहून अधिक भारतातले होते, आणि बुडणे व वाहनांची, विशेषतः रेल्वेची, धडक ही प्रमुख कारणे.

आता ‘गाडी लांब होती’ याचा हिशेब करू. ताशी शंभर किलोमीटर वेगाची गाडी एका सेकंदात सुमारे अठ्ठावीस मीटर येते. म्हणजे पंधरा सेकंदांच्या रीलमध्ये ती चारशे मीटरहून अधिक अंतर कापते. चालकाने आणीबाणीचा ब्रेक लावला तरी भरधाव गाडी थांबायला कितीतरी शे मीटर, कधी किलोमीटरभर लागतो. लोखंडी चाक लोखंडी रुळावर घसरते, त्याला टायरसारखी पकड नसते आणि गाडीला बाजूला वळता येत नाही. ती फक्त येऊ शकते.

डोळाही फसवतो. हर्शेल लिबोविट्झ या मानसशास्त्रज्ञाने १९८५ साली मांडले की मोठी वस्तू लहान वस्तूपेक्षा सावकाश येत असल्याचा भास आपल्याला होतो. विमान उतरताना तरंगल्यासारखे दिसते, तसेच हे. त्यात समोरून येणारी वस्तू बराच वेळ जवळजवळ तेवढीच दिसते आणि शेवटच्या दोन-चार सेकंदांत एकदम फुगते. मोबाइलच्या सेल्फी भिंगात मागचे सगळे आणखी लहान, आणखी दूर दिसते. कानही मदत करत नाहीत. कोकण रेल्वेचे संपूर्ण विद्युतीकरण २०२२ साली झाले. विजेचे इंजिन डिझेलसारखे धडधडत येत नाही, आणि कापातल्या वळणावर डोंगर आवाज अडवून धरतो.

रुळाच्या ‘बाजूला’ उभे राहणेही फसवे. आपल्याकडे दोन रुळांतले अंतर १६७६ मिलिमीटर आणि डब्याची रुंदी सव्वातीन मीटरच्या आसपास. म्हणजे डबा प्रत्येक रुळाच्या बाहेर पाऊण मीटरहून अधिक येतो. रुळाला खेटून उभा असलेला माणूस गाडीच्या बाहेर नसतो, आतच असतो. आणि डोक्यावरच्या तारेत २५ हजार व्होल्टचा दाब असतो. उभ्या मालडब्यावर छायाचित्रासाठी चढलेल्याला तारेला हात लावावाही लागत नाही. नुसते जवळ जाणे पुरते.

या सगळ्यात एक माणूस कोणाच्याच चित्रात येत नाही. तो म्हणजे चालक. त्याला समोरचा माणूस दिसतो, तो शिट्टी वाजवतो, ब्रेक लावतो आणि मग त्याच्या हातात काही उरत नाही. पंधरा सेकंदांची रील काढणारा पुढे ती विसरेल. चालकाला ती रोज त्याच वळणावर दिसणार असते.

मग उपाय काय? कुंपण हवे, पादचारी पूल हवेत, भुयारी मार्ग हवेत, हे काकोडकर समितीने सांगितलेच. पण २०१० साली मुंबईत वडाळ्याजवळ मध्य रेल्वेच्या मार्गावर एक वेगळा प्रयोग झाला. काही स्लीपर पिवळे रंगवले, म्हणजे येणाऱ्या गाडीच्या वेगाचा अंदाज डोळ्याला यावा. एका लांब शिट्टीऐवजी दोन तुटक शिट्ट्या ठेवल्या, कारण मधल्या शांततेने कान जागा होतो. आणि रूळ ओलांडण्याच्या जागी फलक लावले. त्यावर कलम नव्हते, दंडाची रक्कम नव्हती. गाडीखाली सापडणाऱ्या माणसाचा भेदरलेला चेहरा होता, तीन छायाचित्रांत. तिथले मृत्यू लक्षणीय घटले.

हे वाचले तेव्हा मला आमच्याच भागातली एक जुनी गोष्ट आठवली. दिवेआगरला शके ९८२ चा, म्हणजे इ.स. १०६० चा ताम्रपट सापडला आहे. मराठीच्या आरंभीच्या लेखांत त्याची गणना होते. त्याच शिलाहारकाळात कोकणात जागोजागी गद्धेगाळी उभ्या राहिल्या. वर चंद्र-सूर्य, मध्ये दानाचा लेख आणि खाली गाढवाचे ते शिवराळ चित्र. दिलेल्या जमिनीची मर्यादा जो मोडेल त्याला ही शिवी. लेख वाचता येणारे थोडे होते, चित्र सगळ्यांना कळत होते. राजाज्ञा जिथे पोचत नाही तिथे चित्र पोचते, हे हजार वर्षांपूर्वीच्या पाथरवटाला ठाऊक होते. वडाळ्याच्या फलकाने तेच नव्याने शोधले.

चित्र काढण्यासाठी माणसे रुळांवर जातात आणि चित्र पाहून परतही येतात. फरक इतकाच, की पहिल्या चित्रात आपण नायक असतो आणि दुसऱ्यात आपला चेहरा खरा असतो.

त्या रात्री मी मुलांना ओटीवरच वहीच्या पानावर हिशेब मांडून दाखवला. पंधरा सेकंद, अठ्ठावीस मीटर, पाऊण मीटर. रीलमध्ये चाललेला मुलगा बराच वेळ आकड्यांकडे बघत राहिला. मग त्याने ती रील पुन्हा लावली आणि पहिल्यांदाच स्वतःकडे न पाहता मागच्या दिव्याकडे पाहिले. सकाळी मुले माणगावला जायला निघाली, तेव्हा मी एवढेच म्हटले, ‘‘पूल चढून पलीकडे जा रे.’’