गिरणगाव : लोकवस्ती आणि उत्पन्न

मुंबईच्या लालबाग, परळ, लोअर परळ, शिवडी, भायखळा या भागांत कापड गिरण्यांभोवती वाढलेली कामगारवस्ती. शहरातील पहिली गिरणी कावसजी दावर यांनी 1854 मध्ये ताडदेव येथे स्थापन केली. पुढे कोकण आणि देशावरून हजारो पुरुष कुटुंब गावी ठेवून येथे आले.

चाळीतील एका खोलीत अनेक गाववाले पाळीपाळीने झोपत. खानावळी चालवणाऱ्या स्त्रिया त्यांना महिन्याच्या उधारीवर जेवू घालत. याच स्त्रियांच्या पतपुरवठ्यासाठी प्रेमा पुरव यांनी 1975 मध्ये अन्नपूर्णा महिला मंडळ उभारले.

18 जानेवारी 1982 रोजी कामगार नेते दत्ता सामंत यांच्या नेतृत्वाखाली सुमारे अडीच लाख कामगार संपावर गेले. अनेकांचा कायमचा पगार गेला. काही गावी परतले, काही हातगाडी, सुरक्षारक्षकाची नोकरी अशा अनिश्चित कमाईवर आले.

संपानंतर अनेक गिरण्या बंद पडल्या आणि त्यांच्या जमिनींचा प्रश्न पुढे आला. 1991 च्या विकास नियंत्रण नियमावलीने गिरण्यांच्या जमिनींचा एक तृतीयांश वाटा मोकळ्या जागेसाठी, तेवढाच सार्वजनिक घरांसाठी ठेवला होता. 2001 च्या दुरुस्तीने ही वाटणी केवळ रिकाम्या जमिनीपुरती उरली आणि 2006 मध्ये सर्वोच्च न्यायालयाने ती दुरुस्ती वैध ठरवली.

फिनिक्स मिलच्या जागी मॉल, कमला मिलमध्ये कार्यालये आली. वित्त, जाहिरात, माध्यम क्षेत्रांतील उच्चवेतनधारक टॉवरांत राहू लागले. जुन्या भाडेकरूंपैकी काही पुनर्विकसित इमारतींत टिकले. अनेक कुटुंबे ठाणे, डोंबिवली, विरारकडे गेली. म्हाडा या सरकारी गृहनिर्माण संस्थेच्या सोडतीतून काही गिरणी कामगारांना व वारसांना घरे मिळाली.