परवान्यापासून मतपत्रिकेपर्यंत

श्रोतेहो, दक्षिण आफ्रिकेची कथा आज मी आपणांस दोन कागदांच्या आधारें सांगणार आहें. एक कागद परवान्याचा, दुसरा मताचा. पहिल्यापासून दुसऱ्यापर्यंत येण्यास त्या देशाला जवळजवळ दोन शतकें लागलीं.

१६५२ सालीं डच ईस्ट इंडिया कंपनीनें यान व्हान रीबेक यास केपला पाठविलें. पूर्वेकडे ये-जा करणाऱ्या गलबतांस ताजें मांस व भाजीपाला मिळावा, एवढाच कंपनीचा हेतु होता. पण मळ्यांना जमीन लागली आणि जमिनीला मजूर लागले. खोईखोई लोकांचीं कुरणें गेलीं. बाहेरून गुलाम आले. पुढें इंग्रजांचा अंमल बसला. त्यांनीं १८०९ सालीं खोईखोईंना परवान्यावांचून हिंडण्याची बंदी केली. स्वतःच्याच भूमींत फिरावयास परक्याची चिठ्ठी लागूं लागली!

१८६७ पासून हिरे आणि १८८६ मध्यें सोनें सांपडलें. खाणींना स्वस्त मजूर हवे होते. १९१३ च्या जमीन-कायद्यानें बहुसंख्य कृष्णवर्णीयांसाठीं देशाची सुमारें सात टक्केच भूमि राखली. ज्याला शेत उरलें नाहीं, तो खाणीची वाट धरणारच. वर्णद्वेषाच्या मुळाशीं असा रोखठोक हिशेब होता.

नाताळांतील हिंदी मजुरांनाहि त्याची झळ लागली. १९०८ सालीं गांधीजींच्या नेतृत्वाखालीं जोहान्सबर्गला नोंदणीपत्रांची होळी झाली. १९१२ मध्यें पुण्याचे नामदार गोखले तेथें गेले, आणि मजुरांवरील तीन पौंडांचा जाचक कर उठवावा, असा त्यांनीं आग्रह धरला. सत्याग्रहानंतर १९१४ सालीं तो कर गेला. आफ्रिकनांचा परवाना मात्र राहिला.

१९४८ सालीं नॅशनल पक्ष अधिकारावर आला आणि ‘अपार्थाइड’ हें राज्याचें धोरण ठरलें. १९५२ मध्यें एक कायदा झाला. त्याच्या नांवांत ‘परवाने रद्द’ असे शब्द होते. प्रत्यक्षांत त्यानें प्रत्येक प्रौढ आफ्रिकनाच्या खिशांत एक सक्तीची पुस्तिका कोंबली. २१ मार्च १९६० रोजीं शार्पव्हिल येथें लोक ही पुस्तिका घरीं ठेवून, ‘आम्हांस अटक करा’ म्हणत पोलीस-ठाण्यावर गेले. गोळीबारांत ६९ जण प्राणांस मुकले.

परवान्याचे कायदे १९८६ सालीं रद्द झाले. १९९० मध्यें नेल्सन मंडेला सत्तावीस वर्षांच्या बंदिवासांतून सुटले. एप्रिल १९९४ मध्यें मतदानकेंद्रांपुढें लांबच लांब रांगा लागल्या. पांढरे केंस झालेल्या कित्येकांनीं त्या दिवशीं जन्मांत प्रथमच मत दिलें.

येथें कथा संपती तर बरें होतें. १९९६ च्या राज्यघटनेनें, वर्णभेदी कायद्यांमुळें १९ जून १९१३ नंतर गेलेल्या जमिनीबद्दल दाद मागण्याचा हक्क दिला. ही त्या जमीन-कायद्याचीच तारीख! त्याआधीं ज्यांचीं कुरणें गेलीं, ते या हक्काबाहेर राहिले. आणि शेतजमिनीचा मोठा भाग अद्यापि अल्पसंख्य गोऱ्यांकडेच आहे. मताचा कागद सर्वांच्या हातीं आला. जमिनीचा कागद हा त्या इतिहासांतील तिसरा कागद, आणि तो अजून पुरता लिहून झालेला नाहीं.