मुंबईचं जहाज, हार्टलपूलचं संग्रहालय

आज आपण ज्या संग्रहालयाबद्दल बोलणार आहोत ते इंग्लंडच्या ईशान्य किनाऱ्यावर, हार्टलपूल नावाच्या बंदरात आहे. या गावाने शंभराहून अधिक वर्षं जहाजं बांधली. १९६०च्या दशकाच्या सुरुवातीला तिथला ग्रे यांचा कारखाना बंद पडला आणि ते काम संपलं. आता जुन्या गोदीभोवती संग्रहालय उभं आहे. पण तिथलं मुख्य आकर्षण, तीन डोलकाठ्यांची ‘ट्रिंकोमाली’ ही लाकडी युद्धनौका, हार्टलपूलची नाहीच. ती आपल्या मुंबईत बांधलेली आहे.

मग हा वारसा कुणाचा म्हणायचा? आम्हा तत्त्वज्ञानवाल्यांना असे प्रश्न फार आवडतात, पण आधी हकिगत पाहू.

नेपोलियनशी चाललेल्या युद्धांत ब्रिटनला ओक लाकूड कमी पडू लागलं. मुंबईच्या गोदीत मलबारचं सागवान येत होतं, आणि सुरतेहून आलेलं वाडियांचं पारशी घराणं १७३६ पासून इथे जहाजं बांधत होतं. ओकमधलं आम्ल लोखंडी खिळे खातं. सागवानातलं तेल उलट त्यांना जपतं. १८१२ मध्ये हुकूम निघाला. नकाशे ‘जावा’ नावाच्या जहाजातून निघाले, ते जहाज ब्राझीलजवळ अमेरिकनांच्या हाती लागलं आणि नकाशे गेले! नवे नकाशे येऊन काम सुरू व्हायला १८१६ उजाडलं. जमशेटजी बोमनजी वाडिया मुख्य बांधकामकार. पारशी रिवाजाप्रमाणे जहाजाच्या कण्यात चांदीचा खिळा ठोकला गेला, आणि १२ ऑक्टोबर १८१७ रोजी नौका पाण्यात उतरली. तोवर ज्या युद्धासाठी ती मागवली ते संपलेलं होतं. इतिहासाची ही खोड जुनीच आहे. १८१९ मध्ये ती इंग्लंडला पोचली आणि १८४५ पर्यंत नुसती बांधून ठेवली गेली.

पुढे काही वर्षं समुद्रावर सेवा, मग खलाशांची शाळा. १८९७ मध्ये ती मोडीत विकली गेली. त्याच वर्षी व्हीटली कॉब या गृहस्थाचं ‘फूद्रॉयां’ हे प्रशिक्षणाचं जहाज वादळात फुटलं होतं. त्याने ट्रिंकोमाली विकत घेऊन तिला तेच नाव दिलं. या दुसऱ्या नावाने ती १९८६ पर्यंत मुलांना दर्यावर्दीपण शिकवत राहिली.

आणि इथे हार्टलपूल येतं. कारखाना गेला तरी काम जाणणारे हात गावात उरले होते. त्यांनी आधी ‘वॉरियर’ ही जुनी लोखंडी युद्धनौका दुरुस्त करून १९८७ मध्ये पोर्ट्समथला धाडली. त्याच वर्षी ट्रिंकोमाली आली. दुरुस्ती २००१ पर्यंत चालली. १९९२ मध्ये तिला जुनं नाव परत मिळालं. एवढं करूनही निम्म्याहून अधिक लाकूड मुंबईचंच राहिलं, हे त्या सागवानाचं प्रशस्तिपत्रक.

थीसिअसच्या जहाजाचं कोडं आपल्याला माहीत आहे: एकेक फळी बदलत गेली तर जहाज तेच राहतं का? हॉब्जने त्यात भर घातली, की काढलेल्या फळ्या कुणी गोळा करून दुसरं जहाज उभं केलं, तर खरं कोणतं? ट्रिंकोमालीपाशी उभं राहिलं की आम्हाला हे कोडं अपुरं वाटतं. त्यात फळ्या आहेत, जहाज आहे, पण फळी बदलणारा सुतार कुठेच नाही. हार्टलपूलचा या नौकेवरचा हक्क त्याच सुताराच्या कामातून आला. जन्म मुंबईत झाला हे खरंच. पण मोडीच्या तोंडून आलेली वस्तू वर्षानुवर्षं राबून ज्यांनी उभी केली, त्यांना परके कसं म्हणणार? आणि तोच न्याय इकडे लावला, तर जमशेटजींचं नाव इतिहासात आहे, पण त्यांच्या हाताखाली रंधा मारणारे, खिळे ठोकणारे मुंबईचे कामगार कुठे आहेत? त्यांच्या हातची नौका दोनशे वर्षांनंतरही तरंगते, नावं मात्र तिच्यासोबत आली नाहीत.

त्याच गोदीपरिसरात ‘विंगफील्ड कॅसल’ नावाची वाफेवरची प्रवासी बोट आहे, १९३४ मध्ये हार्टलपूलच्याच ग्रे कारखान्यात बांधलेली. गावची बोट आणि मुंबईची नौका, दोन्ही एका पाण्यात. मुंबईची जुनी गोदी अजून नौदलाच्या कामात आहे, त्यामुळे तिथे सहज फिरता येत नाही. तिथल्या सुतारांचं काम हात लावून पाहायचं, तर हार्टलपूलचं तिकीट काढावं लागतं.