बंदूक बदलल्याने नेम परत येतो?

ट्रॅप किंवा स्कीटचा नेमबाज सलग काही स्पर्धांत गडगडू लागला की त्याचा पहिला संशय जातो तो हातातील बंदुकीवर. नवी बंदूक येते, पहिल्या काही फेऱ्यांत पंचवीसपैकी तेवीस-चोवीस तबकड्या फुटतात आणि दोष जुन्या बंदुकीचाच होता, असा निष्कर्ष काढला जातो. महिना-दोन महिन्यांत गुण पुष्कळदा पूर्वीच्याच जागी येऊन थांबतात. नवी बंदूक हाताळताना नेमबाज नकळत प्रत्येक हालचाल जपून करतो. सुधारणा असते ती या सावधपणाची, आणि बंदूक अंगवळणी पडताच ती ओसरते.

तरीही साहित्यातील बदल निव्वळ मनाचा खेळ मानणे चुकीचे ठरेल. महाराष्ट्राला नेमबाजी परिचित आहे ती प्रामुख्याने अंजली भागवत, सुमा शिरूर ते स्वप्निल कुसाळे यांच्या रायफलमुळे. रायफलला मागे व पुढे असे दोन नेमदर्शक असतात. शॉटगनला मागचा नेमदर्शक नसतो. ते काम नेमबाजाचा डोळाच करतो. गाल दस्त्यावर कोठे टेकतो, यावर डोळ्याची उंची आणि पर्यायाने छर्ऱ्यांची दिशा ठरते. डोळ्यापासून नळीच्या टोकापर्यंतचे अंतर साधारण एक मीटर धरले, तर डोळा तीन मिलिमीटरने वर-खाली होताच ३५ मीटरवर माऱ्याचे केंद्र सुमारे दहा सेंटीमीटरने सरकते. तबकडीचा व्यासच मुळी ११ सेंटीमीटर! वजनात चार-पाच किलोंचा फरक, हिवाळ्यातील जाड जाकीट किंवा उभे राहण्याची बदललेली ढब एवढ्यानेही हे तीन मिलिमीटर हरवू शकतात. नेमबाजाला त्याचा पत्ता नसतो. गुण मात्र घसरतात.

त्यामुळे खरेदीपूर्वी चाचणी हवी. ठरावीक अंतरावर पोलादी पत्रा किंवा मोठा कागद लावून एकाच बिंदूवर काही बार काढले की माऱ्याचे केंद्र कोठे पडते ते दिसते. ते सरकलेले असेल तर दस्त्याची उंची, लांबी किंवा बाक दुरुस्त करून भागते. आज अनेक स्पर्धात्मक बंदुकांत दस्त्याचा वरचा भाग वर-खाली करण्याची सोय असते. केंद्र जागेवर असेल तर दोष अन्यत्र शोधावा लागतो. बार सुटण्याच्या क्षणी डोके उचलणे, तबकडी नजरेत येण्याआधीच नळी हलवणे, हे दोष कोणत्याही किमतीची बंदूक लपवू शकत नाही. चाप ओढताना दचकण्याच्या सवयीवर अमेरिकेतील ट्रॅपमध्ये बोट सोडल्यावर बार उडवणारा चाप वापरतात. आंतरराष्ट्रीय महासंघाच्या स्पर्धांत मात्र तो चालत नाही. तेथे काडतुसातील छर्ऱ्यांचे वजनही २४ ग्रॅमपर्यंत मर्यादित असल्याने दारूगोळा बदलून फार काही साधत नाही.

बंदूक बदलण्याचे सर्वांत बोलके उदाहरण अमेरिकेच्या किम ऱ्होडचे. १९९६ ते २०१६ या सलग सहा ऑलिम्पिकमध्ये तिने पदके मिळवली. महिलांचा डबल ट्रॅप हा प्रकार २००४ नंतर वगळला गेल्याने ती स्कीटकडे वळली आणि २००८ मध्ये बीजिंगला रौप्यपदकाची मानकरी ठरली. त्याच वर्षी तिची अनेक वर्षांची साथीदार असलेली पेराझी बंदूक गाडीतून चोरीला गेली. चाहत्यांनी तिला नवी बंदूक मिळवून दिली. २००९ च्या प्रारंभी जुनी सापडली. पण तोवर नवीची सवय सुरू झाली होती आणि तिने जुनीला निवृत्त केले. २०१२ च्या लंडन ऑलिम्पिकमध्ये तिने १०० पैकी ९९ तबकड्या फोडून सुवर्णपदक जिंकले. येथे बदल नाइलाजाचा होता, घसरणीवरचा उपाय नव्हता. शिवाय त्या सुवर्णापर्यंत पोहोचायला तिच्या हाती जवळपास चार वर्षे होती. स्पर्धा दोन आठवड्यांवर असताना बंदूक बदलणाऱ्याला ही सवलत नसते.

भारतीय नेमबाजाला तर हा निर्णय अधिकच जपून घ्यावा लागतो. इटलीतील पेराझी किंवा बेरेटाच्या स्पर्धात्मक बंदुकीची किंमत लाखोंच्या घरात जाते. त्यावर आयातीची मंजुरी व परवान्यावरील नोंद यांत जाणारा वेळ वेगळा. २०१९ च्या दुरुस्तीने सर्वसाधारण परवानाधारकासाठी शस्त्रांची मर्यादा तीनवरून दोनवर आली. नेमबाजांना स्वतंत्र सवलत असली तरी नवोदिताच्या घरी दुसरी शॉटगन क्वचितच असते. म्हणूनच जुनी बंदूक विकण्याची घाई करू नये. नवीवर निदान एक पूर्ण हंगाम काढावा आणि गुणांसोबत तबकडी कशी फुटते याचीही वही ठेवावी. धुरळा उडाला तर मारा मध्यावर बसला. केवळ कडेचा टवका निघाला तर नोंदीत ‘एक’ जमा होतो, पण छर्रे कोणत्या बाजूला सरकत आहेत ते तो टवकाच सांगतो.